‘कुणाला दाखवलंय का?’

कृषी प्रदर्शनात एका पेरणी यंत्रावर ‘पेटंट पेंडिंग’ अशी पाटी पाहिली. हे पेंडिंग असताना नेमकं काय चालतं ते बघायला पुण्यात एका पेटंट एजंटच्या ऑफिसात जाऊन बसलो.

फॉर्म, फी वगैरे ऑनलाइन उरकतं. खरी झटापट दाव्यांची, म्हणजे यंत्रातलं नेमकं काय आपलं हे सांगणाऱ्या वाक्यांची. मसुदा लिहिणाऱ्या ताईंसमोर नगरकडचे एक फॅब्रिकेटर काका होते. त्यांचं लसूण टोकणीचं यंत्र. “सायकलची चेन आणि पीव्हीसीचे कप,” काका कौतुकानं सांगत होते. ताईंनी पहिल्या दाव्यातून चेन उडवली, पीव्हीसीही उडवलं. “उद्या कुणी पट्टा लावला तर?” काका हिरमुसले. पण फार मोघम लिहिलं तरी पंचाईत, परीक्षक कुठलं तरी जुनं यंत्र पुढ्यात ठेवतो. एक दावा म्हणजे एकच वाक्य, आणि तेही इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी अर्ज चालत नाही. आपल्या यंत्राचा कागद काकांना दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागला, हे मला काही पटलं नाही.

सरकारी फी मात्र जड नाही. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये, तपासणीचे ४,०००. एजंटची फी वेगळी. ती ऐकून काका जरा गप्प झाले. तपासणी आपणहून होत नाही, मागावी लागते. “३१ महिने, काका. पूर्वी ४८ होते, २०२४ पासून ३१.” मुदत चुकली की अर्ज मागे घेतला असं धरतात. निघेपर्यंत ताईंनी ३१ चा आकडा तीनदा बजावला.

मध्येच काका बोलून गेले, “भाच्यानं यूट्यूबवर टाकलंय.” ताईंचा हात थांबला. अर्जाआधी जगाला दाखवलेली गोष्ट नवी राहत नाही. सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला १२ महिन्यांची सवलत आहे, यूट्यूबला नाही. मोबाइलवर तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. यंत्र चालताना दिसत होतं, पण झाकण बंद. कप कुठंच दिसत नव्हते. ताईंनी पहिला दावा खोडला आणि कपांपासून नव्यानं लिहायला घेतला.

काही बनवलं असेल तर व्हिडिओच्या आधी निदान तात्पुरता अर्ज टाका. फी तीच १,६०० रुपये, आणि पूर्ण मसुद्याला पुढं १२ महिने मिळतात.