कायदा होण्यापूर्वीं आपलें मत कसें कळवावें

वाटणी, विक्री, गहाण, विहीर, बांध, पाटाचें पाणी, बाजार समिती, बियाणें व खत, यांपैकीं शेतकऱ्याची एकहि बाब अशी राहिलेली नाहीं कीं जिला कोणता तरी कायदा अगर नियम लागू नाहीं. कायदा अमलांत आल्यावर त्याची बातमी चावडीवर पोहोंचते, आणि मग “आम्हांस कोणी विचारलेंच नाहीं” असा उद्गार सर्वत्र ऐकूं येतो. हा उद्गार कांहीं वेळां खरा असतो. परंतु पुष्कळ वेळां विचारणा झालेली असते. तिची मुदत मात्र कोणास न कळतां उलटून गेलेली असते. सरकार केव्हां विचारतें, केव्हां विचारणें त्याजवर बंधनकारक आहे, आणि विचारल्यावर उत्तर कोणत्या रीतीनें द्यावें, हें खातेदार बंधूंस समजावून सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विधेयक, नियम व अध्यादेश यांतील भेद

प्रथम हा भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे, कारण नागरिकाचा हक्क तिन्ही ठिकाणीं सारखा नाहीं.

विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. जुनी मंडळी यासच बिल म्हणत. तें विधानसभेंत अगर विधानपरिषदेंत मांडलें जातें. मांडल्यावर सभागृह तें लागलीच विचारांत घेऊं शकतें, चिकित्सा समितीकडे पाठवूं शकतें, अगर लोकमत अजमावण्यासाठीं प्रसृत करूं शकतें. यांपैकीं कोणता मार्ग धरावा हें सभागृहाच्या मर्जीवर आहे. विधेयकावर लोकांस विचारलेंच पाहिजे असें बंधन राज्यघटनेंत घातलेलें नाहीं. केंद्र सरकारनें २०१४ सालीं असें धोरण ठरविलें कीं कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढें ठेवावा; पण तें धोरण आहे, कायदा नव्हे, आणि तें केंद्राच्या खात्यांपुरतेंच आहे.

असें असलें तरी विधेयकावर मत मागविल्याचीं उदाहरणें आपल्या राज्यांत आहेत. जुलै २०२१ मध्यें केंद्राच्या शेतीविषयक कायद्यांत दुरुस्ती सुचविणारीं तीन विधेयकें विधानमंडळांत मांडण्यांत आलीं, आणि तीं लगेच मंजूर न करितां सूचना व हरकतींसाठीं दोन महिने लोकांपुढें ठेवण्यांत आलीं. पुढें केंद्राचे मूळ कायदेच रद्द झाल्यानें डिसेंबर २०२१ मध्यें हीं विधेयकें मागें घेण्यांत आलीं. विधेयक चिकित्सा समितीपुढें असतांना समिति जर निवेदनें मागवील तर तीं समितीकडे पाठवावीं. एरव्हीं आपल्या मतदारसंघाच्या आमदारांस लेखी कळविणें हाच मार्ग उरतो.

नियम व अधिसूचना यांची गोष्ट निराळी आहे. कायदा चौकट घालून देतो. परंतु किती गुंठे, किती फी, कोणता नमुना, किती मुदत, हें पुष्कळदां नियमांनीं व अधिसूचनांनीं ठरतें. शेतकऱ्याचा खरा संबंध येतो तो येथें. अनेक कायद्यांत असें लिहिलेलें असतें कीं नियम करणें तें पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून करावें. अशा ठिकाणीं सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १९०४ याचें कलम २४ लागू होतें. त्याचा आशय थोडक्यांत असा: ज्यांस नियमाची झळ पोहोंचण्याचा संभव आहे त्यांच्या माहितीसाठीं मसुदा प्रसिद्ध केला पाहिजे, तो कोणत्या तारखेस अगर तारखेनंतर विचारांत घेतला जाईल हें त्याबरोबर सांगितलें पाहिजे, आणि त्या तारखेपूर्वीं आलेली प्रत्येक हरकत व सूचना संबंधित अधिकाऱ्यानें विचारांत घेतली पाहिजे. येथें विचारणें ही मेहेरबानी नसून कर्तव्य आहे.

मात्र त्याच कलमांत आणखी एक गोष्ट आहे. नियम अंतिम स्वरूपांत राजपत्रांत प्रसिद्ध झाला म्हणजे तो रीतसर केला गेला याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून मुदत गेल्यानंतर केलेल्या तक्रारीस फारसें बळ उरत नाहीं.

तिसरा प्रकार अध्यादेशाचा. विधानमंडळाचें अधिवेशन चालू नसतां राज्यपाल राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ अन्वयें अध्यादेश काढूं शकतात. तेथें अगोदर विचारणा होत नाहीं. परंतु अधिवेशन पुन्हां भरल्यापासून सहा आठवड्यांनीं अध्यादेश संपुष्टांत येतो. त्यांतील तरतूद पुढें चालवावयाची तर विधेयक आणावें लागतें. अध्यादेशाबद्दल आमदारांस जें कांहीं सांगावयाचें तें या अवधींत सांगावें.

मागील दोन उदाहरणें

१९०१ सालीं मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल कायद्यांत दुरुस्ती करणारें विधेयक पुण्यास कायदे कौन्सिलापुढें आलें. सरकारजमा झालेली जमीन पुन्हां देतांना ती विकण्याचा अगर दुसऱ्याच्या नांवें करण्याचा हक्क न देतां देण्याचा अधिकार सरकारास त्यानें मिळावयाचा होता. सर फिरोजशहा मेहता यांनीं विधेयक थांबवून त्यावर लोकांचीं व संस्थांचीं मतें घ्यावीं असा आग्रह धरिला. तो फेटाळला गेला. तेव्हां मेहता, गोपाळ कृष्ण गोखले व आणखी कांहीं हिंदी सभासद सभागृह सोडून गेले. विधेयक मंजूर झालें. “नवी शर्त” हा शब्द आपल्या दप्तरांत आला तो याच दुरुस्तीच्या पोटीं, आणि आजहि कित्येक खातेदारांस परवानगीसाठीं कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. लोकमत न घेतां केलेल्या तरतुदीचें ओझें किती पिढ्या वाहावें लागतें याचें हें उदाहरण आहे.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. जमिनीचे लहान लहान तुकडे होऊं नयेत म्हणून १९२७ सालीं मुंबई कौन्सिलांत एक विधेयक आलें. हेतु चांगला होता. परंतु त्यामुळें लहान खातेदार जमिनीवरून उठेल, अशी भीति होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १० ऑक्टोबर १९२७ रोजीं कौन्सिलांत त्यास विरोध केला. त्यांनीं नुसता नकार दिला नाहीं. भूमिहीनांची संख्या वाढेल हा दोष दाखवून, मालकी कायम ठेवून सहकारी पद्धतीनें शेती करावी, असा दुसरा उपायहि सुचविला. विरोध इतका झाला कीं तें विधेयक सरकारास सोडून द्यावें लागलें. पुढें वीस वर्षांनीं, १९४७ सालीं, तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा जो कायदा झाला, त्यांत प्रमाणभूत क्षेत्र ठरविण्यापूर्वीं लोकांच्या हरकती मागविण्याची तरतूद घालण्यांत आली.

प्रमाणभूत क्षेत्र: एका आंकड्याची किंमत

ही तरतूद प्रत्येक खातेदारानें समजून घेण्याजोगी आहे. १९४७ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणें, स्वतंत्रपणें फायदेशीर रीतीनें कसतां येईल असें किमान क्षेत्र सरकार तात्पुरतें ठरवितें, तें राजपत्रांत प्रसिद्ध करितें व त्यावर हरकती मागवितें. कलम ५ प्रमाणें, गांवीं प्रसिद्धि झाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत आलेल्या हरकती विचारांत घेऊन मग प्रमाणभूत क्षेत्र कायम केलें जातें. त्याहून कमी क्षेत्राचा जो भाग तो कायद्याच्या दृष्टीनें “तुकडा”. वाटणी करून नवा तुकडा पाडतां येत नाहीं. आणि तुकड्याच्या विक्रीवर निर्बंध येतात.

पूर्वीं हें क्षेत्र जिल्ह्याजिल्ह्यांत व जमिनीच्या प्रकाराप्रमाणें निरनिराळें होतें. मे २०२२ मध्यें सरकारनें जिरायतीसाठीं २० गुंठे व बागायतीसाठीं १० गुंठे असा मसुदा प्रसिद्ध करून तीन महिन्यांत हरकती मागविल्या. ऑगस्ट २०२३ मध्यें राज्यांतील बहुतेक जिल्ह्यांसाठीं तेच आंकडे कायम करण्यांत आले.

या आंकड्यांचा अर्थ हिशेबानें पाहावा. एका खात्यांत दीड एकर, म्हणजे ६० गुंठे, जिरायत जमीन आहे व चार भाऊ वारस आहेत. चौघांस सारखी वाटणी केली तर प्रत्येकीं १५ गुंठे येतात. मर्यादा २० गुंठ्यांची असल्यास ही वाटणी होऊं शकत नाहीं. तीनच हिस्से पडूं शकतात. मर्यादा एक एकराची असती तर एकहि हिस्सा वेगळा काढतां आला नसता, आणि १५ गुंठ्यांची असती तर चौघांचेंहि काम झालें असतें. राजपत्रांतील एक आंकडा घरांतील वाटणी अशा रीतीनें ठरवितो.

आंकडा लहान असावा कीं मोठा, याविषयीं प्रामाणिक मतभेद आहे. लहान असल्यास वाटणी व विक्री सुलभ होते, कोर्टकचेरी टळते, अडचणींत असलेल्यास थोडी जमीन विकून बाकीची राखतां येते. परंतु नांगर अगर ट्रॅक्टर वळविण्यासहि जागा न पुरेल असे तुकडे झाले तर कायद्याचा मूळ हेतूच नाहींसा होतो. प्रस्तुत लेखक कोणत्याहि एका पक्षाची वकिली करीत नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या शिवाराकडे पाहून मत बनवावें. मात्र तें कळवावें.

त्याच सुमारास, २०२३ सालीं, विहीर, शेतरस्ता व ग्रामीण घरकुल यांसाठीं प्रमाणभूत क्षेत्राहून लहान जागा घेतां यावी असा नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला व २०२४ मध्यें ते नियम कायम झाले. शेजाऱ्याकडून विहिरीपुरती जागा घेण्याची नड कोणत्या गांवीं नाहीं? तरीहि मसुदा निघाला तेव्हां किती गांवांनीं तो वाचला असेल याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

हरकत कशी लिहावी

महसुली कचेरींत कारकुनी केलेल्या माणसास ठाऊक असतें कीं आलेल्या हरकतींचा प्रथम गोषवारा तयार होतो. त्यास रकाने असतात: अनुक्रम, अर्जदाराचें नांव, कोणत्या कलमावर हरकत, हरकतीचें कारण, कार्यालयाचा अभिप्राय. वरिष्ठांपुढें बहुधा हा तक्ताच जातो. म्हणून आपला अर्ज असा लिहावा कीं तो या रकान्यांत न तोडतां बसेल. त्यासाठीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

१. मसुद्याचा क्रमांक व तारीख आरंभींच लिहावी. हरकत कोणत्या कलमावर अगर कोणत्या आंकड्यावर आहे तें स्पष्ट सांगावें.

२. एका परिच्छेदांत एकच मुद्दा घ्यावा. “हा कायदा शेतकऱ्याच्या मुळावर येणारा आहे” असें लिहिल्यास तक्त्यांत “सर्वसाधारण विरोध” एवढेंच उतरतें.

३. कारण आपल्या खात्यावरून द्यावें: क्षेत्र, जमिनीचा प्रकार, पाण्याची स्थिति, हिस्सेदारांची संख्या. ही माहिती मंत्रालयांत बसलेल्या अधिकाऱ्यापाशीं नसते. ती आपल्यापाशींच असते.

४. नुसता दोष न दाखवितां शब्दांत काय बदल हवा तोहि लिहावा.

५. छापील मजकुरावर शंभर सह्या घेतल्या तरी मुद्दा एकच राहतो. दहा खातेदारांनीं आपापल्या स्थितीप्रमाणें दहा अर्ज लिहिले तर दहा कारणें दप्तरीं येतात.

६. मसुदा पसंत असेल तर तसेंहि कळवावें. ज्यांस लाभ होणार ते स्वस्थ बसतात व ज्यांस तोटा होणार तेच लिहितात. मग दप्तरांत एकच बाजू दिसते.

७. मसुद्यांत दिलेल्या पत्त्यावरच, मुदतीच्या आंत पोहोंचेल असा अर्ज पाठवावा. हातोहात दिल्यास बारनिशींत नोंद करवून दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी. टपालानें पाठविल्यास पावती जपून ठेवावी.

२०२२ च्या मसुद्यावर एखाद्या खातेदारास पुढीलप्रमाणें लिहितां आलें असतें:

“मसुद्यांत बागायत जमिनीसाठीं सुचविलेल्या १० गुंठे क्षेत्रास माझी हरकत आहे. माझी जमीन मौजे अमुक, गट नंबर अमुक, क्षेत्र १ एकर २० गुंठे, विहीर बागायत. विहिरीचें पाणी माघअखेरपर्यंतच पुरतें. उन्हाळी पीक होत नाहीं. १० गुंठ्यांप्रमाणें सहा हिस्से झाल्यास एका विहिरीवर सहा पाळ्या लागतील व पाणी कोणासच पुरणार नाहीं. तरी ज्या विहिरीस बारमाही पाणी नाहीं त्या जमिनीस जिरायतीचें २० गुंठे प्रमाण लावावें. सोबत मागील तीन वर्षांचे पीकपाहणीसह सातबारा उतारे जोडले आहेत.”

अर्ज इतकाच पुरे. यांत कोणावर आरोप नाहीं, आर्जव नाहीं, व लांबणहि नाहीं.

सभासदांचें कर्तव्य

विचारांत घेणें म्हणजे मान्य करणें नव्हे, हें येथें सांगून ठेवणें इष्ट आहे. चांगली हरकतहि फेटाळली जाऊं शकते. परंतु ती दप्तरीं असली म्हणजे पुढें दुरुस्तीच्या वेळीं, आमदारांनीं प्रश्न विचारतांना, अगर प्रकरण न्यायालयांत गेल्यास, तिचा आधार सांपडतो. न लिहिलेल्या हरकतीचा आधार कोणासहि मिळत नाहीं.

महाराष्ट्र शासनाचें राजपत्र आतां संगणकाच्या जाळ्यावर वाचावयास मिळतें. त्यासाठीं जिल्ह्याच्या गांवीं जाण्याचें कारण उरलेलें नाहीं. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं आपल्यांतील एका जाणत्या गृहस्थाकडे, अगर शिकलेल्या मुलाकडे अगर मुलीकडे, हें काम सोंपवावें: दर पंधरवड्यास राजपत्र पाहावें, जमीन, पाणी, बाजार व बियाणें यांविषयींचा मसुदा आढळल्यास त्याची मुदत वहींत टिपावी, व मासिक सभेंत तो वाचून दाखवावा. ज्यांस लिहितां येत नाहीं अशा शेजाऱ्यांचीं कारणें ऐकून त्यांचे अर्जहि लिहून द्यावे. अल्पभूधारकाची अडचण पुष्कळदां मोठ्या खातेदाराच्या ध्यानींमनींहि नसते. तुकडेबंदीच्या कायद्यांत २०२४ नंतरहि फेरफार होत आहेत. तेव्हां पहिला पाठ या कायद्यापासूनच घ्यावा.