वृद्धसेवेचं शिक्षण आणि ते १२० तास

ऑस्ट्रेलियात वृद्धांच्या निवासगृहात मदतनीस म्हणून काम करू इच्छिणारे परदेशी विद्यार्थी बहुधा ‘सर्टिफिकेट थ्री इन इंडिव्हिज्युअल सपोर्ट’ हा अभ्यासक्रम निवडतात. यावर आपल्याकडे हमखास शंका निघते: घरात आजी-आजोबांचं करतच आलो, त्याला शिक्षण कशाला? पण पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्या माणसाच्या श्वासनलिकेत साधं पाणीही जाऊ शकतं. त्याला ताठ बसवायचं, तज्ज्ञाने ठरवून दिलं असेल तेवढंच दाट केलेलं पेय छोट्या घोटांनी द्यायचं, आधीचा घोट उतरला का ते पाहायचं, आणि नंतर लगेच आडवं करायचं नाही. हे नुसत्या मायेने येत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष कामाचे किमान १२० तास सक्तीचे आहेत. कॉलेज निवडताना फीच्याही आधी हे तास कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली मिळणार, हे विचारायला हवं. वृद्धसेवेतल्या हेळसांडीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने २०२१ च्या अहवालात कर्मचाऱ्यांच्या अपुऱ्या प्रशिक्षणावरही बोट ठेवलं होतं.

दुसरा आक्षेप असा, की ही सारी धडपड तिथे कायम राहण्यासाठीच असते. असेलही, त्यात गैर काही नाही. मात्र नुसत्या प्रमाणपत्रावर कायमचा व्हिसा मिळतो असं सांगणारा एजंट चक्क फसवतो आहे. परदेशी कामगार घेण्यासाठी २०२३ पासून असलेल्या वृद्धसेवा कामगार-करारातही उमेदवाराला नोकरी देणाऱ्या संस्थेनेच पुरस्कृत करावं लागतं. शिवाय सत्र चालू असताना विद्यार्थ्याला पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, त्यामुळे कमाईतून फी सुटेल या हिशेबाने कर्ज काढणं धोक्याचं आहे.