आकडा खरा, पण कोणाचा? (माणसं निवडताना : लेखांक ६)

प्लांट हेडच्या जागेवरच्या माणसाला नेमकं काय करायचं आहे, ते कागदावर कसं उतरवावं हे मागच्या लेखात पाहिलं. आता उमेदवाराच्या यशाकडे वळू. चाकण असो, वाळूज असो की सातपूर, वरिष्ठ उमेदवाराच्या बायोडेटात आकडे असतातच. रिजेक्शन इतक्यावरून इतक्यावर आणलं, इतके कोटी वाचवले, तीन वर्षांत एकदाही काम बंद पडलं नाही. हे आकडे बहुतेकदा खरे असतात. पण त्यात त्या माणसाचं किती आणि त्या कारखान्याचं किती, हा प्रश्न मुलाखतीत फारसा कोणी विचारत नाही. माझ्या मते वरच्या जागांवरच्या बऱ्याच निवडी चुकतात त्या इथेच.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्यानंतर कोण, या शर्यतीत शेवटी तिघे उरले होते. नोव्हेंबर २००० मध्ये जेफ्री इमेल्ट यांचं नाव जाहीर झालं आणि उरलेल्या दोघांना लगेच मोठ्या कंपन्यांनी बोलावून नेलं. जेम्स मॅकनर्नी थ्रीएमचे प्रमुख झाले, रॉबर्ट नार्डेली होम डेपोचे. नार्डेलींनी जीईचा वीजनिर्मितीच्या यंत्रांचा विभाग उत्तम चालवला होता. तिथे गिऱ्हाइकं मोजकी, ऑर्डरी अवाढव्य आणि सगळा भर शिस्तीवर. होम डेपो म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाची भलीमोठी दुकानं. गळक्या नळाची तक्रार घेऊन आलेल्याला तिथला जाणकार विक्रेता नीट समजावून सांगे, आणि या सल्ल्यावरच कंपनीचं नाव झालं होतं. किरकोळ विक्रीचा अनुभव नसलेल्या नार्डेलींनी खरेदी एका ठिकाणी आणली, खर्च आवळला, अर्धवेळ माणसं वाढवली. विक्री वाढली, नफाही वाढला. पण दुकानातली सेवा घसरली, गिऱ्हाइकं नाराज झाली आणि शेअरचा भाव वर्षानुवर्षं रखडला. जानेवारी २००७ मध्ये ते सुमारे २१ कोटी डॉलर घेऊन बाहेर पडले. त्यांची जीईतली कामगिरी खोटी नव्हती. ती ज्या परिस्थितीत उभी राहिली, ती परिस्थिती होम डेपोत नव्हती.

हार्वर्डच्या बोरिस ग्रॉयसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीईतून जाऊन इतरत्र प्रमुख झालेल्या २० जणांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी १७ नेमणुका जाहीर होताच शेअर बाजाराने आनंद व्यक्त केला. पुढे मात्र जिथे कंपनीची गरज आणि माणसाचा अनुभव जुळला तिथेच चांगलं घडलं. बाकीच्यांनी भागधारकांचा पैसा घालवला.

मग आपल्याच उद्योगातला माणूस घ्यावा, हाच यातून निघणारा धडा का? नाही. १९४९ मध्ये सुमंत मुळगावकर टेल्कोत आले ते सिमेंटच्या धंद्यातून. वरवर पाहता सिमेंटचा रेल्वे इंजिनांशी आणि ट्रकशी काय संबंध? पण सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री देशातच घडवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, आणि टेल्कोलाही शून्यातून यंत्रं आणि माणसं घडवणाराच हवा होता. पुढे त्यांनी पुण्याचा कारखाना उभा करताना यंत्रं, टूलिंग आणि कामगारांचं प्रशिक्षण यांवर जो भर दिला, त्यात हेच दिसतं. उद्योगाचं नाव जुळण्यापेक्षा काम जुळणं महत्त्वाचं.

हे मुलाखतीत तपासता येतं. रिजेक्शन कमी केल्याचं उमेदवार सांगतो तेव्हा शाबासकी देऊन पुढे जाऊ नका. तुम्ही येण्याआधीच नवी प्रेस बसली होती का? टूल रूम कोण सांभाळत होतं? मोजण्याची पद्धत आधी हीच होती का, की रिवर्क वेगळं धरायला लागल्यावर आकडा उतरला? कुठल्या शिफ्टने विरोध केला आणि त्यांना कोणी राजी केलं? ज्याने स्वतः लाइनवर उभं राहून काम केलं आहे तो अशा प्रश्नांनी खुलतो, सहकाऱ्यांची नावं घेतो, फसलेले प्रयोगही सांगतो. ज्याने फक्त महिन्याचा रिपोर्ट पाहिला आहे तो पुन्हा पुन्हा त्याच आकड्याकडे येतो.

प्रश्न सगळ्यांना तेच विचारा आणि चर्चेला बसण्याआधी प्रत्येक परीक्षकाने आपले गुण स्वतंत्रपणे लिहावेत, नाहीतर एमडींनी तोंड उघडताच पॅनेल संपतं. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाचा फेरहिशेब मांडला, त्यात अशी आखीव मुलाखत सर्वांत वर आली. तिचाही कामगिरीशी सहसंबंध सुमारे ०.४२ एवढाच होता. अनुभवाची निव्वळ वर्षं तळाशी होती, आणि आपल्याकडच्या जाहिराती अजून ‘किमान वीस वर्षे’ लिहितात.

राहिला रेफरन्स. उमेदवाराने दिलेल्या नावांबरोबर त्याच्या हाताखाली काम केलेल्या, आता दुसरीकडे असलेल्या दोघांना, त्याची संमती घेऊन, हेच प्रश्न विचारा. सध्याच्या कंपनीत मात्र ऑफर स्वीकारली जाईपर्यंत एक फोनही करू नका. औद्योगिक पट्टा लहान असतो, बातमी फुटते आणि दुसरी नोकरी हातात येण्याआधीच त्या माणसाची पहिली धोक्यात येते. ऑफर आणि नोटीस पिरियडबद्दल पुढच्या आठवड्यात.