शेंदराखालचा दगड

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करण्याची रीतही या सरहद्दीला जुमानत नाही. गुजरातेत पाळिया, नर्मदेपलीकडे झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्लांत गाता, दख्खनेत वीरगळ आणि सतीशिळा. पाळियावर घोडेस्वार आणि डोक्यावर चंद्र-सूर्य; सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. या साऱ्या दगडांचा अभ्यास एस. सेट्टर आणि गुंथर सोंथायमर यांनी १९८२ साली एका ग्रंथात एकत्र आणला. दुरुस्तीकडे मात्र फारसं कुणी वळलं नाही.

आपल्याकडचा दगड बहुतेक काळा बेसाल्ट. त्याला काय होणार, असं वाटतं, पण होतं. बुंधा मातीत गाडलेला असतो, तिथून ओल वर चढते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि नक्षीचे पोपडे सुटू लागतात. वर दगडफूल धरतं, तेच जे आपण गोड्या मसाल्यात घालतो. पण सर्वांत जास्त नुकसान करतो तो आपला उत्साह. जीर्णोद्धार म्हणजे सिमेंटचा ओटा, वर टाइल्स आणि मूर्तीला ऑइल पेंट, हे समीकरण गावोगाव पक्कं झालंय. सिमेंट कडक असतं आणि त्यात क्षारही असतात. ओल त्यातून बाहेर पडत नाही, मग ती दगडातून वाट काढते.

जाणकार माणूस आधी दगडाला हात लावत नाही. संध्याकाळी टॉर्च बाजूनं तिरपा धरून फोटो काढतो. दिवसा न दिसणारी रेष त्या उजेडात उठून येते. अक्षरं असतील तर ओला कागद थापटून शाईनं ठसा घेतो. त्यानंतर साधं पाणी आणि मऊ ब्रश. दगडफूल भिजवून फुगू द्यायचं, मग बांबूच्या काडीनं हलकेच उचलायचं. तारेचा ब्रश, आम्ल, ग्राइंडर यांना बंदी. दोन तुकडे झालेला दगड स्टेनलेस स्टीलची सळई आत घालून जोडतात. सांधे भरायला चुना वापरतात. चुना दगडापेक्षा कमजोर असतो, म्हणूनच बरा: पुढे ताण आला तर सांधा तुटेल, दगड वाचेल.

खरी अडचण शेंदराची. संवर्धकाच्या लेखी तो नक्षी बुजवणारा थर. घरच्यांच्या लेखी पूर्वजाला केलेला मान. खानदेशातून चैत्रात पायी वणीला जाणाऱ्यांना याचा पडताळा आलाय. २०२२ मध्ये तिथल्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेकडो किलो शेंदूर उतरवला आणि आतली मूळ मूर्ती दिसली. तिथे ते विधिपूर्वक, मंदिर बंद ठेवून झालं. पण शेतातल्या एखाद्या दगडाला दर सणाला शेंदूर लागत असेल, त्याच्यापुढे नारळ फुटत असेल, तर तो खरवडायचा अधिकार मी कुठल्याही तज्ज्ञाला देणार नाही. ऑइल पेंट थांबवा, एवढंच सांगावं. ज्या दगडाकडे आता कुणी येत नाही, त्याची गोष्ट वेगळी.

तसे दगड आमच्या नंदुरबार जिल्ह्यात कसे होतात, हे मणिबेलीला कळलं. सरदार सरोवराच्या पाण्यात १९९३ च्या पावसाळ्यात ते गाव बुडू लागलं. महाराष्ट्रातली एकूण ३३ गावं बुडितात आली, सगळी अक्कलकुवा आणि धडगाव भागातली. माणसं तळोदा तालुक्यात सोमावल, रोझव्याच्या वसाहतींत आली. जमिनीचा मोबदला मोजता आला. गावदेव आणि पूर्वजांच्या जागांना सातबारा नव्हता, त्यामुळे त्या कुठल्या रकान्यात धरायच्या हा प्रश्न सरकारी कागदावर कधी सरळ बसला नाही.

शंभर वर्षांवरचा कोरीव दगड १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतो. तरीही रस्ता रुंद करताना जेसीबीनं उखडलेला दगड देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवतात आणि सांभाळला म्हणतात. तो कुठल्या बांधावर, कुणीकडे तोंड करून उभा होता, कोणत्या घराचा होता, हे त्याच दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवलं पाहिजे. त्याला चुना लागत नाही की सळई.