टी पेशींचे कोडे आणि यंत्राची शिकवणी

कृत्रिम बुद्धिमत्तेने रोग ओळखल्याची बातमी आली की सगळे श्रेय संगणकाला जाते. मानवी प्रतिकारशक्तीच्या संशोधनात तरी ते नीट वाटून द्यायला हवे. इथे घोडे अडले आहे ते संगणकाला शिकवण्यासाठी लागणाऱ्या खात्रीच्या माहितीपाशी. ती उभी करण्यात मोठा वाटा असतो तो पीएच.डी. संपवून मुदतीच्या करारावर राबणाऱ्या तरुण संशोधकांचा, म्हणजे पोस्टडॉक मंडळींचा.

विषाणू पेशीत शिरला की एचएलए नावाची प्रथिने त्याच्या प्रथिनाचा छोटासा तुकडा पेशीच्या पृष्ठभागावर आणून मांडतात. रक्तातल्या ज्या टी पेशीचा रिसेप्टर त्या तुकड्याशी जुळतो, ती कामाला लागते. या रिसेप्टरची जनुके सुट्या तुकड्यांतून जोडली जातात आणि जोडताना सांध्यांवरची डीएनएची काही अक्षरे गळतात, काही नवी भरली जातात. त्यामुळे संभाव्य रिसेप्टरांची संख्या शरीरातल्या एकूण टी पेशींपेक्षाही कितीतरी मोठी होते. जुळ्या भावंडांचे संचही बरेचसे वेगळे निघतात. रक्ताच्या एका नमुन्यातून आज लाखो रिसेप्टरांची अक्षरे वाचता येतात, पण त्यातला कोणता कोणाला ओळखतो हे अक्षरांवरून उमगत नाही. हे कोडे सोडवण्यासाठी यंत्राची मदत घेतली जाते.

तिचा उपयोग झाला आहे, यात शंका नाही. २०१७मध्ये सिॲटलच्या संशोधकांनी सहाशेहून अधिक लोकांचे रिसेप्टर तपासले आणि सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग होऊन गेलेल्यांत वारंवार आढळणारे १६४ रिसेप्टर वेगळे काढले. त्यांच्या आधारे १२० नव्या व्यक्तींपैकी कोणाला संसर्ग झाला होता, हे बहुतांशी बरोबर सांगता आले. २०२५मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने बी आणि टी पेशींचे रिसेप्टर एकत्र वाचून कोविड, एचआयव्ही, ल्युपस आणि टाइप-१ मधुमेह वेगवेगळे ओळखून दाखवले.

पण प्रश्न थोडा बदलला की चित्र पालटते. यंत्राने पूर्वी कधीच न पाहिलेला तुकडा कोणता रिसेप्टर ओळखेल, याची चाचणी २०२३च्या एका खुल्या स्पर्धेत झाली, तेव्हा बहुतेक प्रणालींची उत्तरे नाणेफेकीच्या जवळपास राहिली. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याची गत याहून वेगळी नसते. उपलब्ध माहितीत मोजकेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात. फ्लूच्या एका प्रथिनातला नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा तर जवळजवळ प्रत्येक संग्रहात भेटतो. शिवाय ‘जुळत नाही’ अशी उदाहरणे अनेकदा दुसऱ्याच प्रयोगातून उसनी आणलेली असतात. मग यंत्र जीवशास्त्राऐवजी दोन प्रयोगांतला फरकच शिकून बसते. असा दोष हेरायला नमुना कसा गोळा झाला आणि आज्ञावली काय करते, हे दोन्ही जाणणारा माणूस लागतो.

यावर कोणी म्हणेल, अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने प्रथिनांच्या रचनेचे कोडे सोडवलेच ना? सोडवले, आणि त्यासाठी २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. पण त्याच्या पाठीशी १९७१पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी जमवलेल्या लाखाहून अधिक रचना होत्या. टी पेशींसाठी अशी पुंजी अजून साठायची आहे. दुसरा आक्षेप असा, की कारण न सांगणाऱ्या यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा? ठेवूच नये. त्याने सुचवलेली जोडी प्रयोगशाळेत तपासावी. रिसेप्टर खरोखर चिकटला तरच ती मानावी. लाखो शक्यतांतून तपासण्याजोग्या शंभर निवडून दिल्या, तरी यंत्राने मोठे काम केले.

आपल्यासाठी याला आणखी एक पदर आहे. एचएलएचे प्रकार समाजासमाजांत बदलतात आणि आजची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांकडून आली आहे. तिच्यावर शिकलेले यंत्र इथल्या रुग्णाची लस ठरवताना चुकण्याचा धोका अधिक. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले, ही चांगली सुरुवात आहे. पण कोणती टी पेशी कशाला प्रतिसाद देते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या समाजांतले रक्ताचे नमुने, न जुळलेल्या जोड्यांचीही प्रामाणिक नोंद आणि पोस्टडॉक संशोधकांना निर्धास्तपणे काम करता येईल इतकी मुदत लागेल. संगणकांवर खर्च करताना या तिन्हींची तरतूद झाली नाही, तर यंत्रे कितीही वेगवान आली तरी आपल्या रुग्णांसाठी ती अंदाजच बांधत राहतील.