राजा भिंतीवर, पुस्तक वाऱ्यावर

युरोपातल्या राजा-राण्यांची तीन-चारशे वर्षं जुनी छापील पोर्ट्रेट्स जमवणं हा एकदम हटके छंद आहे, आणि वाटतो तितका महागही नाही. फक्त पाकीट उघडण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा.

खिशातली शंभराची नोट काढा आणि गांधीजींच्या चेहऱ्यावरून हलकेच बोट फिरवा. शाई किंचित वर आल्यासारखी लागते ना? ही इंटॅग्लिओ छपाई. धातूच्या पत्र्यावर रेषा खोदायच्या, त्यात शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची आणि त्यावर कागद जोरात दाबायचा. रेषांमधली शाई कागदावर उतरते आणि बोटाला जाणवते.

चारशे वर्षांपूर्वी युरोपातले राजे याच पद्धतीनं लोकांच्या घरात पोचत होते. तेव्हा ना फोटो होते, ना टीव्ही, ना इन्स्टा. आपला राजा दिसतो कसा, हे बहुतेकांना कळायचं ते नाण्यावरून, नाहीतर अशा छापील चित्रावरून. राजे, राण्या, सेनापती, कवी, शास्त्रज्ञ, धर्मगुरू... नाव झालं की चेहरा तांब्यावर चढलाच म्हणून समजा!

हे कागद आजही लंडन-पॅरिसच्या प्रिंट डीलर्सकडे आणि ऑनलाइन लिलावांत मिळतात. यातला गमतीचा फंडा असा, की राजा जितका फेमस तितकी त्याची चित्रं जास्त, त्यामुळे कित्येकदा ती स्वस्तही पडतात. किंमत ठरते ती खोदणारा कोण, छाप किती स्वच्छ आणि कागद किती धड यावर. मोठ्या कलाकाराचं नाव आलं की आकडा आपल्या पगाराबाहेर जातो. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांमधली साधी पोर्ट्रेट्स बऱ्याचदा दोघांच्या एका बऱ्यापैकी डिनरच्या बिलात बसतात.

सरकार बदललं, डोकं बदला

या छंदात पडल्यावर पहिला धडा मिळतो तो म्हणजे चेहऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. १४९३मध्ये जर्मनीतल्या न्युरेंबर्गला जगाच्या इतिहासाचं एक जंगी सचित्र पुस्तक छापलं गेलं. त्यात तब्बल १,८०९ चित्रं आहेत, पण लाकडी ठोकळे होते फक्त ६४५. म्हणजे तोच चेहरा एका पानावर एक राजा, तर दुसऱ्या पानावर भलताच राजा!

याहून भारी किस्सा प्येर लोंबार या फ्रेंच खोदकाराचा. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स घोड्यावर बसलेला आहे, असं चित्र व्हॅन डाइकनं १६३३मध्ये रंगवलं होतं. १६४९मध्ये याच चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि पुढे क्रॉमवेलचं राज्य आलं. लोंबारनं त्या चित्रावरून तांब्याची प्लेट केली. तिच्या एका छापात घोड्यावर क्रॉमवेल आहे. दुसऱ्या छापात डोकंच खरवडून टाकलंय, नुसतं धड बसलंय. आणखी एका छापात चार्ल्स महाराज पुन्हा विराजमान! घोडा तोच, चिलखत तेच. सरकार बदललं की ऑफिसातली तसबीर बदलते, हे आपल्याला नवीन नाही. लोंबारनं फक्त फ्रेमचाही खर्च वाचवला.

एकाच प्लेटच्या अशा वेगवेगळ्या अवस्थांना संग्राहक ‘स्टेट’ म्हणतात. त्यातला बारीक फरक हुडकणं हाच या छंदातला खरा थरार.

खालची ओळ वाचा, बॉस!

चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत लॅटिन शब्द असतात. ‘पिंक्सिट’ म्हणजे ज्यानं रंगवलं तो, ‘स्कल्प्सिट’ म्हणजे ज्यानं खोदलं तो आणि ‘एक्सक्युडिट’ म्हणजे ज्यानं ते प्रकाशित केलं तो. सिनेमाची श्रेयनामावलीच ही.

खोदकारांना मान होता का? फ्रान्समध्ये चौदाव्या लुईनं १६६०मध्ये फर्मान काढून खोदकाम ही नुसती कारागिरी नसून कला आहे, असं जाहीर केलं. त्याच्या दरबारातला रॉबेर नांतेय माणसाला समोर बसवून आधी चित्र काढायचा आणि मग ते तांब्यावर खोदायचा. केसांच्या बटा, लेस, गालाचा मऊपणा हे सगळं त्यानं नुसत्या रेषांतून उभं केलंय. भिंगातून बघितलं की थक्क व्हायला होतं.

१६४२मध्ये लुडविग फॉन झीगेन या जर्मन माणसानं वेगळीच पद्धत काढली. तिच्या रूढ रूपात आधी सगळी प्लेट खरखरीत करायची, म्हणजे ती पूर्ण काळी छापते. मग घासत घासत तीतून उजेड बाहेर काढायचा. हीच मेझोटिंट. या पद्धतीचं पहिलं चित्रही एका राज्यकर्तीचंच आहे, हेसे-कासेलची कारभारीण अमेली एलिझाबेथ हिचं.

कात्रीची क्रेझ

आता या छंदाची काळी बाजू. इंग्लंडमधल्या शिपलेक गावचे पाद्री जेम्स ग्रेंजर यांनी १७६९मध्ये इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास छापला. पुस्तकात चित्रं नव्हती. कोणाची छापील पोर्ट्रेट्स आहेत, त्याची वर्गवार यादी होती. पहिल्या वर्गात राजघराणं, तर बाराव्या आणि शेवटच्या वर्गात खूप वर्षं जगलेले लोक आणि गुन्हेगारसुद्धा! वाचकांना यादी म्हणजे चॅलेंजच वाटलं. यादीतली चित्रं मिळवायची आणि पुस्तकात चिकटवायची, अशी लाटच आली.

पण चित्रं आणायची कुठून? दुसऱ्या पुस्तकांतून कापून! त्याआधी इंग्लिश पोर्ट्रेटला पाच शिलिंग म्हणजे चांगली किंमत समजली जायची. ग्रेंजरनंतर पोर्ट्रेट्स असलेल्या जुन्या पुस्तकांचे भाव पाचपट झाले आणि धड पुस्तक सापडणं मुश्कील झालं. इंग्रजीत या प्रकाराला पाद्रीबुवांच्याच नावावरून ‘ग्रेंजराइझ’ असं क्रियापद मिळालं.

याच वेडातून मोठे संग्रहही उभे राहिले. सदरलंड दांपत्यानं इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या इतिहासात चित्रं घालायला सुरुवात केली. नवरा गेल्यावर शार्लट सदरलंडनं एकटीनं ते काम पुढे नेलं आणि १८३७मध्ये सगळा संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिला. एकट्या पहिल्या चार्ल्सची त्यात सातशेहून जास्त चित्रं आहेत! आज संशोधकांना हे घबाडच आहे. पण त्यासाठी किती पुस्तकं कात्रीखाली गेली, त्याचा हिशेब कुठेच नाही.

मग घ्यायचं की नाही?

जरूर घ्या, पण ‘हे पान कुठून आलं?’ असं आधी विचारा. सगळीच पोर्ट्रेट्स पुस्तकातली नसतात. नांतेयची चित्रं, लंडनच्या दुकानांतली मोठी मेझोटिंट्स यांसारखी कितीतरी चित्रं सुटीच विकली जायची. पुस्तकातलं पान ओळखता येतं. कोपऱ्यात पानाचा आकडा, मधोमध घडी, मागे मजकूर किंवा एका कडेला शिलाईच्या खुणा असतात. दोनशे वर्षांपूर्वी कापलेलं पान परत शिवता येत नाही, ते घेतलंत तर बिघडत नाही. पण गेल्या महिन्यापर्यंत धड असलेलं पुस्तक केवळ पानं सुटी विकून जास्त पैसे मिळतात म्हणून फाडलं जात असेल, तर आपली ऑर्डर त्या कात्रीला धार लावते. डीलर नीट उत्तर देत नसेल, तर दुसरा डीलर गाठा. राजा फेमस आहे ना, मग तो आणखी कुठेतरी मिळेलच.

खरेदीआधी एवढं बघा

* चित्राभोवती प्लेट दाबल्याची चौकोनी खूण आहे का? समास कापलेले असतील तर ती दिसणार नाही आणि किंमतही कमी हवी.
* भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती आजची छपाई. सरळ ‘नाही’ म्हणा.
* अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा कागद उजेडात धरला, की समांतर रेषा दिसतात.
* प्लेट जुनी म्हणजे छाप जुना असं नाही. लूव्हर संग्रहालयाच्या जुन्या प्लेट्सवरून आजही नवे छाप काढून विकतात. ते घ्यायला हरकत नाही, पण नव्याच्या भावात.
* आधी फुकटात डोळा तयार करा. ब्रिटिश म्युझियम, लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांचे संग्रह ऑनलाइन बघता येतात.
* लॅमिनेशन आणि सेलोटेप बिलकूल नको. अॅसिड-फ्री माउंट घ्या, काच कागदाला टेकू देऊ नका, थेट ऊन टाळा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर तर अजिबात नको, कागदावर तपकिरी डाग पडतात.
* पान कुठून आलं, ते बिलावर लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा. पुढे ते तुमच्याकडून घेणाराही हाच प्रश्न विचारेल.