गावाच्या आरोग्यनोंदीतील शून्ये: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लहान गावांतील अर्भकमृत्यूंची वर्षवार नोंद मांडली की बहुतेक रकान्यांत शून्य येते. तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. अशी आरोग्यसेवा जोखताना या शून्यांचा अर्थ नीट लागणे फार महत्त्वाचे असते.

शून्ये पुष्कळ म्हणजे ती जादाच, हा सर्वांत रुळलेला गैरसमज. समजा, एका गावात वर्षाला २५ बाळे जन्मतात आणि अर्भकमृत्यूदर हजारी २० आहे. सरासरी अर्धा मृत्यू. क्वचित घडणाऱ्या घटनांची संख्या मांडणाऱ्या प्वासाँ वितरणानुसार अशा शंभर गावांपैकी सुमारे ६१ गावांत त्या वर्षी एकही मृत्यू होणार नाही. यात जादा काहीच नाही. म्हणून एका वर्षाच्या शून्यावर गावाची पाठ थोपटणे आणि पुढल्या वर्षीच्या एका मृत्यूसाठी आरोग्य कार्यकर्तीला जाब विचारणे, दोन्ही अन्यायाचे. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी १८९८ मध्ये प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने झालेले मृत्यू तपासले होते. २०० वार्षिक नोंदींपैकी १०९ शून्य होत्या. प्वासाँचा अंदाजही जवळपास तितकाच, १०८.७.

प्वासाँपेक्षा शून्ये खरोखरच जास्त निघाली, तरी लगेच ‘झिरो-इन्फ्लेटेड’ (जादा शून्ये वेगळी धरणारे) प्रतिमान लागते असे नाही. उदाहरणार्थ, आजारपणासाठी कार्यकर्तीकडे घरटी दरमहा सरासरी दोन भेटी होत असतील, तर प्वासाँप्रमाणे साडेतेरा टक्के घरांत शून्य यावे. पण काही घरांत आजारपण सतत असते, काहींत क्वचित. ही तफावत मोठी असली की सरासरी तीच राहूनही, ऋण द्विपद वितरणात शून्यांचे प्रमाण ५८ टक्क्यांपर्यंत सहज जाते. आधी हे वितरण तपासून पाहावे.

सगळी शून्ये सारखी नसतात. एखाद्या घरात त्या महिन्यात कोणी आजारी पडले नाही. दुसरे घर दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले, तिथून भेट येणे शक्यच नव्हते. डायान लॅम्बर्ट यांनी १९९२ मध्ये कारखान्यातील सदोष जोडण्यांसाठी मांडलेले झिरो-इन्फ्लेटेड प्वासाँ प्रतिमान असे दोन उगम धरते. हर्डल प्रतिमान तसे करत नाही. त्यात सगळी शून्ये एका बाजूला आणि धन संख्या दुसऱ्या बाजूला असतात. मात्र स्थलांतराची नोंद हाताशी असेल तर अंदाज कशाला बांधायचा? घर किती दिवस गावात होते, तो काळच गणितात घ्यावा. हे अधिक प्रामाणिक.

शून्ये गाळून टाकणे किंवा प्रत्येक संख्येत एक मिळवून लॉग घेणे, ही पळवाट अजूनही सर्रास दिसते. गाळल्याने सरासरी फुगते. एक मिळवल्याने लहान संख्यांमधले प्रमाण बिघडते. आणि कार्यकर्ती पोहोचलीच नाही त्या घरापुढे शून्य लिहू नये, रकाना रिकामा ठेवावा.